वारा धरायचा, वारा सोडायचा

डोळे मिटायची गरज नाही, नाक तेवढं उघडं ठेवा. आपण ज्या दिवसात शिरतोय, तो आधी नाकाला कळतो.

आला वास? हा फेव्हिकॉल. त्यामागून आला तो तापल्या तारेनं कापलेल्या थर्माकोलचा, घशाला खवखवणारा. मग सोल्डरिंगच्या राळेचा धूर. आणि या सगळ्याच्या तळाशी पिकलेल्या टोमॅटोचा. कारण तुम्ही ज्या टेम्पोत उकिडवे बसलाय, तो काल संध्याकाळपर्यंत नारायणगावच्या बाजारात क्रेट वाहत होता. आज त्याला शाळेनं भाड्यानं घेतलंय. क्रेटच्या जागी तुम्ही, आणखी सोळा पोरं आणि सात मॉडेलं.

साल 2008 च्या आसपासचं धरा. तारीख 28 फेब्रुवारी. तुम्ही नववीत आहात. नोकरी, गुडघेदुखी, घराचे हप्ते सगळं मागं राहिलं. आता तुमचे हात बघा. दोन बोटांना चिकटपट्टी, अंगठ्याच्या नखात काळं ग्रीस आणि तळहातावर पत्रा कापताना आलेली लाल रेघ. केसांना तेल चोपडलंय, गणवेशाला इस्त्री आहे, पण कोपरावर ऑइलपेंटचा निळा डाग राहिलाच. आईनं तो घासलेटनं काढायचा प्रयत्न केला होता. डाग तसाच आहे, वर घासलेटचाही वास आलाय.

टेम्पो मंचरच्या पुढं लागला तशी हुडहुडी भरते. शेतातनं ओल्या मातीचा गारवा येतो, कुठंतरी शेकोटीचा धूर रस्त्यावर आडवा पसरलेला. घोड नदीवरचा पूल आला की थंडी एकदम कान चावते. मांडीवर यंत्र आहे. ते तुम्ही दोन्ही हातांनी कवटाळून धरलंय आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी यंत्राला लागतो, मग तुमच्या छातीला.

"नीट धरा रे!" ड्रायव्हरशेजारून सरांचा आवाज. "मोडलं तर खोडदला जाऊन काय दाखवायचं, तोंड?"

सगळे हसतात. तुम्ही नाही. तुम्ही आणखी घट्ट धरता.

या यंत्राची गोष्ट आताच ऐकून घ्या, कारण विज्ञान प्रदर्शनाच्या मांडवात गेल्यावर सांगायला उसंत मिळणार नाही.

तुमच्या घरचा शाळू फेब्रुवारीत चांगला भरतो. कणसं दुधात आली की चिमण्या येतात, साळुंक्या येतात, पोपटांचे थवे येतात. सकाळी एकदा आणि उन्हं कलली की परत. मग घरातलं कुणीतरी राखणीला हवं. आजीचे गुडघे माळ्यावर चढू देत नाहीत. आईबाप कांद्यात. उरता तुम्ही. मागच्या वर्षी पंधरवडाभर तुम्ही गोफण घेऊन माळ्यावर उभे होतात आणि वर्गात त्याच वेळी बीजगणित चाललं होतं. परीक्षेत बीजगणितानं त्याचा हिशेब घेतलाच. तेव्हा मनात आलं होतं, की वारा दिवसभर रिकामाच हिंडतो. त्याला राखणीला लावता येईल का?

बस, एवढंच. हे यंत्र त्या एका प्रश्नाचं आहे.

गटात तिघं. तुम्ही, एसटी स्टँडजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्याची मुलगी, आणि एक मित्र, ज्याचा आवाज शाळेच्या घंटेच्या वर जातो. सायकलवाल्याच्या भंगारातनं मागच्या चाकाचा हब मिळाला. त्यातले छर्रे रॉकेलनं धुऊन, नवं ग्रीस भरून तिनं तो असा फिरवून दाखवला, की थांबायलाच तयार होईना. तेलाचा पंधरा लिटरचा डबा कापून पाती झाली. आसावर बोल्ट बसवले. पातं फिरलं की बोल्ट हातोडीची शेपटी दाबतो, हातोडी उचलते, बोल्ट निसटला की हातोडी खाली पडते आणि खालच्या पत्र्यावर टण्णकन आपटते. मागं पत्र्याचं शेपूट, म्हणजे वारा जिकडून येईल तिकडं यंत्र आपोआप तोंड फिरवणार.

पहिल्या दिवशी ते फिरलंच नाही. पाती सपाट होती, वारा समोरून आला आणि बाजूनं निघून गेला. पाती पिरगाळली तेव्हा कुठं चक्र हललं. दुसऱ्यांदा हातोडी जड झाली. वारा बिचारा ढकलायचा, चक्र बोल्टपाशी येऊन अडायचं. हातोडीच्या टोकाचा मोठा नट काढून लहान बसवला. तिसऱ्यांदा सगळं जमलं. टण, टण, टण, टण, घड्याळासारखं. दोन दिवस शाळूवर एक पाखरू बसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघता तर काय, एक साळुंकी चक्क यंत्राच्या शेपटावर बसून पिसं साफ करतेय.

पाखरांना ताल कळला होता. ठरलेल्या वेळी येणाऱ्या आवाजाला कोण भितं?

त्या संध्याकाळी तिघंही चिडीचूप. मग सायकलवाल्याची पोर म्हणाली, "बोल्ट सारख्या अंतरावर कशाला लावायचे?" आणि तिनं चारातले दोन काढून जवळजवळ ठोकले. आता आवाज येतो तो असा: टण. मग काहीच नाही. मग टण-टण. मग परत शांतता. त्यात वारा कधी जोरात, कधी मंद. आजी म्हणाली, "आता कसं माणूस वाजवतंय असं वाटतंय."

हे सगळं चाळीस पानी वहीत लिहिलंय. न फिरलेली पातीही, साळुंकीही. लिहायचं सरांनी सांगितलं होतं. वही तुमच्या शर्टाच्या आत, पोटाशी आहे.

नारायणगाव आलं. चौकात वड्याचा घाणा निघालाय, तेलाचा तो गरम वास टेम्पोत शिरतो आणि सतरा पोटं एकदम गुरगुरतात. टेम्पो थांबत नाही, उजवीकडं वळतो. द्राक्षांच्या बागा, कांद्याचे हिरवेगार वाफे, ऊस. आणि उसाच्या शेंड्यांच्या वर…

"आली, आली, आली!" घंटेच्या आवाजाचा मित्र.

तुमची मान वर जाते ती जातच राहते. उसाच्या फडापलीकडं एक पांढरी ताटली आभाळाकडं तोंड करून उभी आहे. चित्रात पाहिली होती. चित्रात तिचा आकार कळत नाही. काठापासून काठापर्यंत 45 मीटर. शेतकऱ्याच्या मापात सांगायचं तर पंधरा-सोळा गुंठ्यांचा तुकडा उचलून खांबावर ठेवलाय. आणि तरीही तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं! एवढी मोठी वस्तू आणि मच्छरदाणीसारखी विरळ. टेम्पो पुढं जातो, दुसरी दिसते, तिसरी दिसते. अशा 30 आहेत. 14 इथं मधोमध, साधारण एक किलोमीटरच्या चौकात, आणि 16 तीन दिशांना पसरलेल्या तीन हातांवर. दोन टोकांमधलं अंतर 25 किलोमीटरपर्यंत जातं. मधे गावं, ओढे, विहिरी, लोकांची शेतं. म्हातारी माणसं डिशच्या सावलीत खुरपतात आणि डिश त्यांच्या डोक्यावरून आकाश ऐकते.

ही खोडदची जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून आलेली. एरवी इथं कमालीची शांतता. आज मात्र विज्ञान दिन, दार उघडं, आणि जुन्नर-आंबेगावच्या शाळा मॉडेलं घेऊन आत शिरतायत.

उतरा. पाय सुन्न झालेत, जपून.

गेटपाशीच एसट्या, जीपगाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर. शिट्ट्या वाजतायत. प्रत्येक शाळेचे पीटीचे सर आपापली शिट्टी वाजवतात आणि प्रत्येक पोर भलत्याच शिट्टीला पळतं. "मोबाइल बंद ठेवा" असं सांगणारा माणूस आहे. बहुतेक सरांकडं बटणांचे छोटे फोन, ते खिशातून काढून बंद करताना एखाद्या देवळात चपला काढाव्या तसे गंभीर होतात. कारण साधं आहे. डिश ज्या लाटा ऐकते त्या इतक्या क्षीण, की खिशातला फोन, मोटारीची ठिणगी, विजेच्या तारेवरची चरचर तिच्या कानाशी बोंब मारल्यासारखी. शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची ही जागा त्यासाठीच तर निवडली.

मांडवात शिरा. आता अंगावर येईल ती गर्दी.

कापडी छतातून ऊन गाळून येतं आणि सगळ्यांचे चेहरे पिवळट-लाल दिसतात. खाली सतरंज्या, त्यावर धूळ, धुळीवर शेकडो अनवाणी आणि चप्पल घातलेले पाय. टेबलाला टेबल लागून. तुमचं टेबल कोपऱ्यात, कनातीला लागून. यंत्र ठेवता, हातोडी तपासता, ग्रीसचं बोट फिरवता. आणि मग तिघांच्याही एकदमच लक्षात येतं.

मांडवात वारा नाही.

कनाती चारी बाजूंनी बंद. पातं ढिम्म. तुम्ही पुठ्ठ्यानं वारा घालून बघता, चक्र एक फेरा घेतं, टण करतं आणि थांबतं. शेजारच्या टेबलावर टेबलफॅन आहे, पण तो त्यांच्या मॉडेलचाच भाग. शिवाय वीज कधी जाईल सांगता येत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ आहे, पाढ्यांच्या आधी.

थोडा वेळ यंत्र मित्राच्या ताब्यात द्या आणि चला, चक्कर मारून येऊ. स्पर्धकानं बाकीचे बघायला हवेत.

हा बघा सिरिंजचा जेसीबी. दवाखान्यातल्या सिरिंजा, सलाइनच्या नळ्या, त्यात रंगीत पाणी. इकडं दाबलं की तिकडं पुठ्ठ्याचा हात उचलतो. असे जेसीबी आज मांडवात निदान सहा असतील, पण प्रत्येकापुढं तेवढीच गर्दी. हा ज्वालामुखी, खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की गेरूचा लाल फेस, आणि पहिलीतली पोरं किंचाळतात. ही छत्रीला चंदेरी कागद चिकटवून केलेली सूर्यचूल. तिच्यात भात शिजतोय म्हणे सकाळपासून. झाकण उघडलं की वाफ येते आणि बघणाऱ्यांच्या पोटात कालवतं.

इथं थांबा. आंबेगावच्या पश्चिमेकडून, भीमाशंकरच्या डोंगरातून आलेल्या आश्रमशाळेच्या मुली आहेत. तीन तासांचा प्रवास करून आल्यात, एकीला गाडी लागली होती, तिचा चेहरा अजून उतरलेला आहे. टेबलावर लाकडी पेटी, वर काच, आत काळा रंग, खाली आणि वर जाळीची भोकं. आत हिरडे. तिकडं हिरडा हेच वर्षाचं नगद पीक. जंगलातून गोळा करायचा, उन्हात वाळवायचा. वळवाचा पाऊस आला आणि हिरडा भिजला की बुरशी, आणि बुरशी आली की भाव पडला. पेटीत खालून गार हवा शिरते, तापते, ओल घेऊन वरून निघून जाते. पाऊस काचेवर. मुलीनं वहीत रोजचं वजन लिहिलंय, पेटीतल्या हिरड्याचं आणि उघड्यावरच्या हिरड्याचं, शेजारी शेजारी. ती फार हळू बोलते. पण आकडे एकदम ठाम.

तुमच्या पोटात गोळा येतो. हे चांगलं आहे. आपल्यापेक्षा चांगलं आहे.

गर्दी आता उसळलीय. नुसती पोरं नाहीत. फेटेवाले आजोबा, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, कॉलेजची पोरं. लाऊडस्पीकरवर एका हरवलेल्या मुलाचं नाव, त्यापाठोपाठ त्याच्या शाळेचं, त्यापाठोपाठ रडणं, थेट माइकवरून. बाहेर रसवंतीचे घुंगरू छन्छन् वाजतायत. घाम, धूळ, भेळेतला कांदा, तापलेलं कापड. तहान लागलीय? टाकीपाशी रांग आहे. ओंजळीनं प्या, पाणी गरम आहे, तरी गोड लागेल.

टेबलाशी परत या. एक आजोबा वाकून यंत्र बघतायत.

"काय रं बाळा, हे काय करतं?"

मित्र घोकलेलं सगळं एका दमात म्हणतो. आजोबा डोळे बारीक करून ऐकतात आणि नेमकं तेच विचारतात, जे कुणी घोकून घेतलं नव्हतं.

"पडलं कितीला?"

"हब भंगारातला. डबा घरचा. नट-बोल्ट, ग्रीस आणि रंग धरून साठ रुपये."

"आन् पाऊस आला तर गंजत न्हाई?"

तुम्ही तिघं एकमेकांकडं बघता. म्हणजे निळा रंग हब आणि शेपटाला दिलाय. पात्यांना दिलाच नाही, सुंदर चमकतात म्हणून. "रंग देतो, आजोबा," सायकलवाल्याची पोर म्हणते आणि लगेच वहीत लिहून घेते. आजोबा मान हलवतात. "चांगलं हाय," म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडं जातात. हा आजचा पहिला परीक्षक. त्याच्या छातीला बिल्ला नव्हता, एवढंच.

बिल्लेवाल्या परीक्षक दुपारी आल्या. उन्हानं मांडवाचं तापलेलं भांडं झालंय, सर घाम पुसतायत, तुमचा आवाज बसलाय. मॅडमच्या हातात कागदाचं पॅड. त्या खुर्ची ओढून थेट टेबलाच्या उंचीला बसतात. आता त्यांचे डोळे तुमच्या डोळ्यांसमोर आहेत.

"सांगा."

मित्र सुरू होतो. त्या बोट उचलून त्याला हसून थांबवतात. "पाठ केलेलं नको. तुम्हाला हे का करावंसं वाटलं?"

आणि तुमच्या तोंडून निघून जातं, "मागच्या वर्षी माझं बीजगणित बुडलं, मॅडम."

त्या लिहायच्या थांबतात. मग शाळू, माळा, गोफण, आजीचे गुडघे, सगळं बाहेर पडतं. पोटाशी धरलेली वही बाहेर येते, घामानं कोपरे मऊ झालेली. त्या पानं उलटतात. न फिरलेली पाती. जड हातोडी. साळुंकी. साळुंकीपाशी थांबून त्या मोठ्यानं हसतात आणि शेजारच्या परीक्षक सरांना बोलावून दाखवतात. सायकलवाल्याची पोर वाकडेतिकडे बोल्ट दाखवते, कारण सांगते. वही दोघांच्या हातातून फिरते.

"चालवून दाखवा ना."

"मॅडम, इथं वारा नाही."

"मग बाहेर चला."

एवढं सोपं होतं! सकाळपासून पुठ्ठ्यानं वारा घालून खांदे दुखायला लागले, आणि कनात उचलून बाहेर न्यावं हे कुणालाच सुचलं नव्हतं.

उचला. एक बाजू तुम्ही, एक बाजू ती. कनातीखालून वाका. बाहेरचं ऊन डोळ्यांवर थापड मारतं. समोर मोकळं रान, वाळलेलं गवत, आणि त्यापलीकडं डिश. यंत्र जमिनीवर टेकवता. मॅडम, सर, मागून पंचवीस-तीस पोरं. सगळे वाट बघतात. वारा नाही. गवताचं पातं हलत नाही. तुमच्या मानेवरून घामाचा थेंब पाठीत उतरतो, तो कुठवर गेला ते तुम्हाला नीट कळतं.

मग दूरच्या उसात सळसळ. ती जवळ येते. धुळीची एक रेघ रस्ता ओलांडते. यंत्राचं शेपूट थरथरतं, यंत्र मान वळवल्यासारखं वळतं, आणि… टण.

टण-टण.

टण. टण-टण. टण!

मांडवाच्या कळसावरचे कावळे एकदम उडतात आणि पोरं टाळ्या पिटतात. पण तो वारा नुसता तुमच्यासाठी आलेला नसतो. ती फेब्रुवारीतली दुपारची वावटळ. ती कनात फुगवते, मांडवात घुसते, आणि आतून एकच ओरड उठते. थर्माकोलची घरं उडाली, पुठ्ठ्याचं धरण आडवं झालं, सूर्यचुलीची छत्री उलटी होऊन दोन टेबलं पलीकडं गेली. क्षणभरात कुणाला स्पर्धेची आठवण राहत नाही. सगळे धावतात. तुम्ही कुणाच्या तरी कागदावर पाय ठेवून उभे, सायकलवाल्याची पोर हिरड्याच्या पेटीची काच दोन्ही हातांनी धरून, एक जेसीबीवाला ज्वालामुखीवर ओणवा झोपलेला. धुळीनं दातांत करकर.

आणि त्या सगळ्या वाऱ्यात समोरची 45 मीटरची डिश जागची हलत नाही.

संध्याकाळच्या आधी तुम्हाला तिच्या पायाशी नेतात. एक तरुण इंजिनीअर दादा माहिती सांगतोय, त्याचाही आवाज तुमच्यासारखाच बसलाय. तुम्ही हात वर करता. "दादा, मघाशी एवढा वारा आला. ही का नाही हलली?"

तो खूश होतो. असा प्रश्न सकाळपासून कुणी विचारला नसावा.

"कारण ही वारा धरतच नाही. सोडून देते. बघ वर."

तुम्ही बघता. जाळी. स्टेनलेस स्टीलची तार, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पोत्याच्या सुतळीहूनही बारीक. भोकं मधल्या भागात 10 मिलिमीटरची, बाहेर जाल तशी 15, मग 20. वारा त्यातून आरपार. "पण मग आकाशातल्या लाटा पण आरपार जातील की!" सायकलवाल्याची पोर. "नाही जात," दादा म्हणतो. "हायड्रोजनकडून येणारी लाट वीतभर लांब असते, 21 सेंटिमीटर. आपण ऐकतो त्यातल्या काही तर माणसापेक्षा लांब. एवढ्या लांब लाटेला बोटाएवढं भोक दिसतच नाही. तिला ही अख्खी भिंत वाटते. वाऱ्याला खिडकी वाटते."

मग तो हातानं दाखवतो. जाळीला वाटीचा आकार कुणी दिलाय? जाड जाड लोखंडानं नाही. नळ्यांच्या चौकटींमधे स्टीलच्या दोऱ्या ताणून बांधल्यात, आणि त्या दोऱ्यांनी जाळी जागोजागी खेचून धरलीय. इथं बर्फ पडत नाही, एरवी वारेही बेताचे. वारा फारच वाढला तर डिशचं तोंड सरळ वर करून ठेवतात. म्हणून लोखंड कमी लागलं. लोखंड कमी म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून मोटारी लहान, खर्च आटोक्यात, आणि म्हणूनच एकीच्या जागी 30 उभ्या करता आल्या. "दोरीला कामाला लावलं," दादा म्हणतो, "की लोखंडाला सुट्टी."

तुमच्या अंगावर काटा येतो. तुम्हाला वारा धरायचा होता, यांना वारा सोडायचा होता. तरी दोघांची सुरुवात एकाच ठिकाणी झाली. आपल्याकडं काय नाही, हे आधी मोजलं. याच दुर्बिणीला पुढं आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचा ऐतिहासिक टप्पा म्हणून मान मिळणार आहे. आज इथं ते कुणालाच ठाऊक नाही. आज ती फक्त उन्हात तापलेली, वाऱ्यात गुणगुणणारी, डोक्यावरची जाळी आहे.

बक्षिसं उन्हं कलताना. हिरड्याची पेटी पुढं गेली. त्या हळू बोलणाऱ्या मुलीचं नाव पुकारलं, तेव्हा तिला ते आधी ऐकूच आलं नाही, मैत्रिणींनी ढकललं. तुम्ही टाळ्या वाजवता, पत्र्यानं कापलेला तळहात चुरचुरतो तरी. तुमच्या हाती सहभागाचं प्रमाणपत्र. आणि निघता निघता बिल्लेवाल्या मॅडम गर्दीतून वाट काढत तुमच्यापाशी येतात.

"एक विचारायचं राहिलं. पाखरं सकाळी येतात आणि संध्याकाळी. वारा सुटतो दुपारी. मग?"

तुम्हाला हे माहीत आहे. वहीच्या शेवटच्या पानावर आहे, बारीक अक्षरात. "सकाळी बंद पडतं, मॅडम. तेव्हा मी डबा वाजवायला जाते म्हणा, जातो म्हणा, कुणीतरी जातंच."

"उत्तर सापडलं तर पुढच्या वर्षी घेऊन या," त्या म्हणतात. "मला ऐकायचंय."

हे लक्षात ठेवा. बक्षिसाची ढाल शाळेच्या कपाटात धूळ खाईल, प्रमाणपत्र पावसाळ्यात पिवळं पडेल. पण एका मोठ्या माणसानं तुमच्या शाळूच्या राखणीची अडचण समोर बसून ऐकली आणि तिचं उत्तर ऐकायचंय असं म्हटलं, हे अंगाला लागून राहतं.

परतीचा टेम्पो. अंधार. सोळांतली दहा जण एकमेकांच्या खांद्यावर झोपलीत. यंत्र परत मांडीवर, आणि ते घसरू नये म्हणून सायकलवाल्याची पोर त्याला सुतळी बांधून टोक हातात धरून बसलीय. नारायणगावच्या चौकात टेम्पो गचकन थांबतो, सुतळीला हिसका बसतो, हातोडीची शेपटी ओढली जाते.

टण!

झोपलेली सगळी दचकून उठतात. तुम्ही तिच्याकडं बघता, ती तुमच्याकडं. अंधारातही दिसतं की दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट चमकलीय.

दोरीला कामाला लावायचं.

आता थोडंच राहिलंय, परत जायच्या आधी. दुसऱ्या दिवसाची सकाळ. शाळूवर दव, वारा अजिबात नाही, पातं गप्प. यंत्राच्या हातोडीपासून एक नायलॉनची दोरी निघालीय, दोन खुंट्यांवरून, बांधावरून, थेट तुमच्या घराच्या ओट्यापर्यंत. तुम्ही ओट्यावर बसलाय, पुढ्यात बीजगणित, हाताशी चहा, दोरीचा फास तर्जनीत. थवा उतरतो. तुम्ही वाचता वाचता बोट ओढता. लांब शाळूत टण-टण, आणि पाखरं भुर्र उडतात. आजी चुलीपाशी हसते. तुम्ही पान उलटता.

चला, परत या. बोट बघा, फासाचा वळ अजून आहे.

28 फेब्रुवारीला खोडदला आजही मांडव पडतो. आता टेबलांवर सेन्सर असतात, मोबाइलवर चालणारे पंप असतात, बिबट्या आला तर ओरडणारी यंत्रं असतात, कारण आता राखण बिबट्यापासूनही करावी लागते. तुम्ही याल तेव्हा एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबा. घोकलेलं ऐकून घ्या, मग गुडघ्यावर बसा, त्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीला या आणि विचारा, "कुठं बिघडलं होतं?"

पोटाशी धरलेली वही बाहेर येईल.